खजिना दसरा चौकात आहे

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच एक खेळ निघाला, जिओकॅशिंग. एकाने डबी लपवायची, अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने ती हुडकून आतल्या वहीत नाव लिहायचं. कोल्हापुरात हा खेळ खेळायला डबी लपवायचीही गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी ठेवलेला खजिना उघड्यावरच आहे.

पहिला टप्पा कसबा बावड्याचा लक्ष्मी-विलास पॅलेस. २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटग्यांचे यशवंतराव इथे जन्मले. १८८४ मध्ये दत्तक जाऊन ते शाहू छत्रपती झाले. राजकोट आणि धारवाडला शिकले. २ एप्रिल १८९४ ला कारभार हाती घेतला तेव्हा वय अवघं १९, म्हणजे आपल्या एस.ई.च्या पोराएवढं!

दुसरा टप्पा दसरा चौक. खेड्यातला पोरगा शिकायला आला तर राहणार कुठं, जेवणार काय? नुसती शाळा काढून भागत नाही, हे महाराजांनी ओळखलं. १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी एकेक बोर्डिंग उभं राहिलं. शिकून पुढे काय, याचंही उत्तर त्यांनी दिलं. २६ जुलै १९०२ ला, स्वतः विलायतेत असताना, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासांसाठी राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

तिथून जवळच भाऊसिंगजी रोड. इथं गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज गाडी थांबवून स्वतः प्यायचे, सोबतच्यांनाही पाजायचे. मग नाही कोण म्हणणार!

पुढे खासबाग. १९१२ चं कुस्ती मैदान आणि शेजारी १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं तेव्हा सारं कोल्हापूर हळहळलं.

शेवटच्या टप्प्याला मात्र एस.टी. पकडा. राधानगरीला भोगावतीवरचं धरण महाराजांनी हाती घेतलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे विजेशिवाय, पाण्याच्या दाबावर उघडतात. पावसाळ्यात ते उघडले की अख्खं कोल्हापूर पंचगंगेची पातळी विचारू लागतं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी हे बघायलाच हवं. पण पैसा कमी पडला, काम रखडलं. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या ४७ व्या वर्षी महाराज गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर.

ज्या पाण्याने शेतं भिजायची होती, ते त्यांनी भरलेलं पाहिलं नाही. पण रूम आणि मेस मिळाली म्हणून ज्याचं शिक्षण सुटलं नाही, अशा प्रत्येकाचं नाव या खजिन्याच्या वहीत आहे. येत्या रविवारी चालत जाऊन या!