आझाद बिलग्रामी: प्रवासाची खरी तयारी

आपल्या शहराजवळच्या खुलताबादला जियारतीसाठी जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की तेथे अरबी व फारसीचे एक थोर पंडित चिरनिद्रा घेत आहेत. मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म 1704 साली उत्तर हिंदुस्थानातील बिलग्राम या गावी झाला. आजोबा (आईचे वडील) मीर अब्दुल जलील आणि उस्ताद मीर तुफैल मुहंमद यांच्याजवळ त्यांचे शिक्षण झाले. पुढे सिंधमधील सेहवान येथे मामांचे नायब म्हणून त्यांनी काही वर्षे सरकारी कामही पाहिले.

हजला जाण्याची ओढ त्यांना होती. पण त्या काळी हा प्रवास म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे काम. वाट धोक्याची, समुद्र बेभरवशाचा. घरच्यांना सांगितले असते तर त्यांनी मायेपोटी अडवले असते. आज नको, पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणत दिवस गेले असते. म्हणून 1737 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, कुणालाही न सांगता ते एकटेच पायी निघाले. शोधायला निघालेल्या भावालाही ते सापडले नाहीत.

ही गोष्ट वाचून कुणाही आईबापाच्या काळजात चर्र होईल, आणि ते योग्यच आहे. असे निघून जाणे आपण मुलांना शिकवणार नाही. आझादांनाही त्याची झळ सोसावी लागली. माळव्यात पोचेपर्यंत जवळचा खर्च अपुरा पडला. त्या वेळी निजामुल्मुल्क आसफजाह मराठ्यांशी लढण्यासाठी भोपाळकडे आले होते. आझाद हे धनिकांची स्तुती करणारे कवी नव्हते, तरीही हजच्या खर्चासाठी त्यांनी निजामांना एक रुबाई लिहून दिली. निजामांनी मदत केली. मग सुरतेहून गलबत मिळाले. पण मक्केला पोचेपर्यंत त्या वर्षीचा हज होऊन गेला होता!

आता पुढचा हज जवळजवळ वर्षभर दूर. दुसरा कुणी हताश झाला असता. आझाद मदिनेला गेले आणि शेख मुहंमद हयात सिंधी यांच्यापाशी सहीह बुखारीचे अध्ययन करू लागले. हे त्यांना जमले, कारण अरबी भाषा व हदीस यांचा पाया घरीच, लहानपणापासून पक्का झाला होता. गाठोडे एका रात्रीत बांधता येते. विद्या तशी बांधता येत नाही. 1739 साली हज अदा करून ते हिंदुस्थानात परतले आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, येऊन राहिले. पाणचक्कीजवळील बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात त्यांचा मुक्काम होता. निजामपुत्र नासिरजंग यांचा स्नेह लाभूनही त्यांनी मोठे पद स्वीकारले नाही.

येथेच त्यांच्या लेखणीला बहर आला. अरबीत ‘सुब्हतुल मरजान’, फारसीत ‘सर्वे आझाद’ व ‘खजाना-ए-आमिरा’ असे ग्रंथ त्यांनी लिहिले. 1758 साली त्यांचे मित्र शाहनवाजखान मारले गेले, घर लुटले गेले आणि ‘मआसिरुल उमरा’ या त्यांच्या ग्रंथाचे कागद विखुरले. आझादांनी ते शोधून शोधून गोळा केले. आज मोगल इतिहासाचा अभ्यासक त्या ग्रंथावाचून पुढे जाऊ शकत नाही.

एका प्रवासाला मात्र ते बिनतयारीचे निघाले नाहीत. खुलताबादेत कवी अमीर हसन देहलवी यांच्या मजारीजवळ आपल्या कबरीसाठी त्यांनी हयातीतच जागा विकत घेतली आणि तिला ‘आकिबतखाना’ असे नाव दिले. 1786 साली ते तेथेच विसावले.

आज आपली मुले शिक्षणासाठी परदेशी जातात, वडीलधारी हजला जातात. पेटी शेवटच्या आठवड्यात भरली तरी चालेल. पण भाषा, अभ्यास आणि वडिलांची परवानगी या गोष्टी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नयेत. विद्यार्थी मित्रांनो, खुलताबादला गेलात तर या मुसाफिरासाठी एक फातिहा अवश्य पढा.