न दिसलेल्या शत्रूशी झुंज : लुई पाश्चर

फ्रान्समधील डोल या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी लुई पाश्चरचा जन्म झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. तरुणपणी त्यांनी नेपोलियनच्या सैन्यात शिपाईगिरीही केली होती. लुईचे बालपण आर्ब्वा या लहानशा गावात गेले. शाळेत तो फार हुशार गणला जात नसे, पण चित्रे मात्र सुरेख काढी. रंगीत खडूंनी त्याने काढलेली आईवडिलांची व्यक्तिचित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. समोरच्या वस्तूकडे बारकाईने पाहण्याची ही सवय पुढे सूक्ष्मदर्शकाशी बसताना त्याच्या कामी आली असावी.

तो आठ वर्षांचा असताना एका पिसाळलेल्या लांडग्याने त्या भागात धुमाकूळ घातला. लांडगा चावलेल्या माणसांना लोहाराकडे नेऊन त्यांच्या जखमा तापल्या लोखंडाने डागण्यात आल्या. त्या काळी याहून दुसरा इलाज लोकांना ठाऊक नव्हता.

पाश्चर डॉक्टर नव्हता. तो रसायनशास्त्रज्ञ होता. १८४८ साली स्फटिकांवरील संशोधनाने त्याचे नाव झाले. १८५४ मध्ये तो लील येथे प्राध्यापक म्हणून गेला आणि तेथे दारू व दूध का आंबते, या प्रश्नाने त्याला पछाडले. आंबण्याची क्रिया सूक्ष्म सजीव घडवून आणतात आणि ते आपोआप निर्माण होत नाहीत, हे त्याने प्रयोगांनी दाखवून दिले. जे दुधात घडते ते शरीरातही घडत असेल काय? रोगांचे मूळही असेच सूक्ष्म जंतू असतील काय? हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना. याच काळात, १८५९ ते १८६६ या वर्षांत, त्याच्या तीन मुली दगावल्या. त्यांपैकी दोघी विषमज्वराने गेल्या. १८६८ मध्ये त्याला स्वतःला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. त्याची कीर्ती ज्या कार्यावर उभी आहे, त्यातील बरेचसे त्याने यानंतर केले.

गुराढोरांचा काळ ठरलेला अँथ्रॅक्स हा रोग त्याने हाती घेतला. या रोगाचे जंतू काडीसारखे असतात. ते साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात, रस्सा दिला की त्यात वाढतात आणि एकाचे दोन, दोनाचे चार होतात. आज आपण ज्यांना जीवाणू म्हणतो, ते हे. जीवाणू म्हणजे एक संपूर्ण पेशी होय. तिला स्वतःचे आवरण असते, ती स्वतः अन्न घेते, स्वतः वाढते. म्हणूनच तिला पकडून काचेच्या नळीत वाढवता येते आणि दुबळी करून तिची लस बनवता येते. १८८१ च्या मे महिन्यात पुयी-ल-फोर येथे पाश्चरने मेंढ्यांवर जाहीर प्रयोग केला. लस टोचलेल्या मेंढ्या वाचल्या. न टोचलेल्या मेल्या. सारे जग थक्क झाले.

पण पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषापुढे, म्हणजे रेबीजपुढे, ही सारी रीत लुळी पडली. १८८० मध्ये या रोगाने मेलेल्या एका मुलाच्या लाळेत पाश्चरला एक जंतू आढळला. परंतु तोच जंतू निरोगी माणसांच्या लाळेतही सापडला, तेव्हा त्याने तो मार्ग सोडून दिला. (हा जंतू न्यूमोनियाचा, हे पुढे कळले.) खरा अपराधी सूक्ष्मदर्शकातून दिसेना, कोणत्याही रश्शात वाढेना. दुसरा कोणी असता तर रेबीजला जंतूच नाही असे म्हणून मोकळा झाला असता. पाश्चरने मात्र जो दिसत नाही त्याच्या परिणामांवरून त्याचा माग काढला. रस्सा चालत नाही, तर जिवंत शरीर हेच त्याने भांडे केले! एमिल रू या सहकाऱ्याबरोबर त्याने सशांच्या मेंदूत रोग वाढवला आणि त्यांचा पाठीचा कणा नव्हे, तर कण्यातील मज्जा कोरड्या हवेत सुकवून रोगाचे बळ उतरवले.

६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आल्साससारख्या दूरच्या प्रांतातून पॅरिसला आली. दोन दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेला कुत्रा अनेक ठिकाणी चावला होता. माणसावर उपचार करण्याचा परवाना पाश्चरकडे नव्हता, सुई डॉ. ग्रांशे यांनी टोचली. तेरा इंजेक्शने दिली. त्या रात्री पाश्चरला झोप येत नसे. मुलगा वाचला. त्याच वर्षी लुईझ पेलेतिए ही मुलगी मात्र चावा बसून महिना उलटल्यावर आली. उशीर झाल्याचे पाश्चर जाणून होता, तरी त्याने तिला परत पाठवले नाही. ती दगावली आणि टीकाकारांना निमित्त मिळाले.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर निवर्तला. आपण कोणाशी लढलो हे त्याला अखेरपर्यंत दिसले नाही. त्याच्याच प्रयोगशाळेत शांबरलँडने १८८४ साली चिनीमातीची एक गाळणी केली होती. तिच्यातून जीवाणू पार होत नसत. पण १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्हस्कीला असे आढळले, की तंबाखूच्या रोगट पानांचा रस तिच्यातून गाळला तरी रोग पसरवतोच. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने हा जीवाणूंहून निराळाच प्रकार असल्याचे सांगितले. १९०३ मध्ये रेबीजचे कारणही गाळणीतून पार होते, हे सिद्ध झाले. हेच विषाणू. विषाणू ही पेशी नव्हे. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला आनुवंशिक द्रव्याचा तो एक तुकडा असतो. त्याला स्वतःचा संसार नसतो. दुसऱ्याच्या जिवंत पेशीत शिरून तिच्याकडूनच तो आपल्या प्रती काढवून घेतो. १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तंबाखूचा विषाणू प्रथम डोळ्यांना दाखवला.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. पूर्वी आपल्याकडे कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, कारण लस मेंढीच्या मेंदूपासून होई. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो, याचा तो भोग होता. आता लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून होते, थोडी पुरते आणि दंडावर घेता येते. पेनिसिलिनसारखी औषधे जीवाणूचे आवरण बांधू देत नाहीत. विषाणूला तसे आवरणच नाही, म्हणून साध्या सर्दीवर ती घेणे व्यर्थ. उलट अशा वापराने जीवाणू मात्र औषधांना सरावतात. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की आजही बहुधा कोणी वाचत नाही. विषाणू मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. तेवढाच काय तो अवधी हाती असतो. म्हणून जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस टोचून घ्यावी. हा अवधी ओळखून त्यात शत्रूला गाठता येते, हे पाश्चरने शत्रू न पाहताच जाणले होते.