Explained: दुष्काळातही बाभूळ हिरवी कशी? कोरड्या प्रदेशातील झाडांचा माग काढणारे आघारकर

पाऊस लांबला की जालना जिल्ह्यात पिके माना टाकतात, बांधावरची बाभूळ मात्र तग धरते. तिच्या बारीक पानांतून पाणी कमी उडते आणि मुळे खोलवर ओल शोधतात.

आघारकर कोण होते?
शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ चा, भरपूर पावसाच्या मालवणातला. १९१४ मध्ये ते शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन असल्याने ते स्थानबद्ध झाले. सुटकेनंतर त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली.

अभ्यास कशाचा?
वायव्य भारतातील कोरड्या हवामानात टिकणाऱ्या वनस्पती मूळच्या कुठल्या आणि त्या पसरल्या कशा, याचा. पाणी जपण्याची क्षमता असलेलीच झाडे अशा भागात तगतात.

जालन्याशी संबंध काय?
कोलकाता विद्यापीठात अनेक वर्षे शिकवल्यानंतर १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारण्यात पुढाकार घेतला. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. १९९२ पासून तिथली संशोधन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. सोयाबीनच्या काही वाणांच्या नावातील ‘एमएसीएस’ ही अक्षरे याच विज्ञानवर्धिनीची.