विहिरीवरची मोटर आणि लक्ष्मणराव

चांदवडकडच्या एखाद्या पोराने सुट्टीत घरच्या घरी छोटी चारचाकी गाडी बनवायला घेतली, की त्याची नजर आधी शेडमध्ये पडलेल्या विहिरीवरच्या जुन्या मोटरीकडे जाते. ५ हॉर्सपॉवरची मोटर, गाडी काय सुसाट पळेल! पण ती थ्री-फेज विजेवर चालणारी. गाडीला हवी बॅटरीवरची डी.सी. मोटर. आणि एवढी ताकद हवी कशाला? गाडी, पोर, बॅटऱ्या मिळून १०० किलो; २० फुटांना १ फूट असा चढ; ताशी १० किलोमीटर वेग. एवढ्याला सुमारे २५० वॅट, म्हणजे हॉर्सपॉवरचा तिसरा हिस्सा पुरतो. २४ व्होल्टची, गिअर लावलेली ३५० वॅटची मोटर घेतली की झाले.

ज्यांचे आडनाव अशा मोटरी-पंपांवर वाचत आपली खेडी मोठी झाली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची रीत हीच. आधी काम पाहायचे, मग यंत्र.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखूच येईनात. रंग सुटले, यंत्रांची रेखाटने हाती राहिली. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिकवू लागले. तिथे हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान होतेच. पुढे कडबा कापायचे यंत्र झाले, मग बैलांनी ओढायचा लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. घरात पैसा नाही, दारात नांगर पडून. आपल्यापैकी कितीजण तिथे थांबले असते?

त्यात कारखान्याची जागाही सोडावी लागली. १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोडजवळ माळ दिला, निवडुंग आणि सापांनी भरलेला. तिथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर झाले.

१९४६ साली बंगळुरूला या घराण्याचा विजेच्या यंत्रांचा कारखाना निघाला. लक्ष्मणराव १९५६ साली गेले.

चांदवडच्या पोराने मोटर आणायला नाशिकला जाण्याआधी गाडी कांद्याच्या वजनकाट्यावर चढवावी. स्वतः आत बसून.