वचनपितामह फ. गु. हळकट्टी

वाचकहो, वचनांचे छापील पुस्तक आज आपण सहज हाती घेतो. त्यासाठी विजापूरच्या एका वकिलाने आपले घर विकले होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी यांचा जन्म २ जुलै १८८० रोजी धारवाडला झाला. वडील शिक्षक. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात शिकून १९०४ साली ते वकील झाले. काही काळ बेळगावात काढून पुढे ते विजापूरला कायमचे स्थायिक झाले. अशिलांची रीघ लागावी, चार पैसे गाठीला पडावेत, एवढे ध्येय कोणाही वकिलाला पुरले असते. पण ताडपत्रांवरची वचने दृष्टीस पडली आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच ठरून गेली. शरणांची वाणी मठांतून, घराघरांतून पोथ्यांत बांधून पडली होती. पोथीची पूजा होई, पण ती उघडून वाचणारे थोडे. वाळवीच काय ती नेमाने पारायण करी, म्हणा ना! हळकट्टी गावोगाव हिंडले, पोथ्या मिळवल्या, नकला केल्या, पाठ ताडून पाहिले.

इतक्या वर्षांच्या खटपटीतून 'वचनशास्त्रसार' ग्रंथाचा पहिला भाग सिद्ध झाला. तो त्यांनी मंगळूरच्या बाझल मिशन छापखान्याकडे पाठवला. कानडी छपाईत त्या छापखान्याचा लौकिक मोठा. तेथून हस्तलिखित न छापताच परत आले.

क्षणभर त्यांच्या जागी उभे राहून पाहा. वीसएक वर्षांचे कष्ट टपालाने परत दारी आलेले. आपण असतो तर गासडी बांधून माळ्यावर टाकली असती. हळकट्टींनी ध्येय तेच ठेवले, वाट तेवढी बदलली. बेळगावच्या महावीर छापखान्यात १९२३ साली ग्रंथ छापून निघाला.

तरी पुढच्या भागांचा प्रश्न उरलाच. दर वेळी दुसऱ्याच्या दारी जाऊन हे काम तडीस जाणार नाही, हे त्यांनी ओळखले. हाती पैसा नव्हता, घर होते. ते विकून १९२५ साली विजापुरात 'हितचिंतक' छापखाना उभा केला. याची झळ घरच्या मंडळींनाही लागली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एकाच्या ध्येयाची किंमत पुष्कळदा सगळे घर मोजते. १९२६ साली 'शिवानुभव' नियतकालिक आणि १९२७ साली 'नवकर्नाटक' साप्ताहिक सुरू झाले. आरंभी पन्नासएक वचनकारच माहीत होते; त्यांच्या शोधामुळे ती संख्या दोनशेच्या वर गेली.

१९१२ साली विजापुरात सिद्धेश्वर बँक उभारणारा हा माणूस स्वतः मात्र भाड्याच्या घरात राहिला. १९५६ साली कर्नाटक विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २९ जून १९६४ रोजी ते लिंगैक्य झाले.