पत्र्याच्या आगगाडीचा कारकून : फ्रँक हॉर्नबी

वर्कशॉपमध्ये पत्रा कापताना आपण जाम वैतागतो. पण याच पत्र्याने एका साध्या कारकुनाला जगभर नाव मिळवून दिलं!

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १८६३ साली लिव्हरपूलमध्ये झाला. इंजिनिअरिंगचं शिक्षण शून्य. मांस आयात करणाऱ्या पेढीत हिशेब लिहायचे आणि रात्री पोरांसाठी पत्र्याची खेळणी बनवायचे. प्रत्येक खेळण्याला नवे भाग कापावे लागत. मग डोक्यात आलं, पट्ट्यांना ठरावीक अंतरावर, म्हणजे अर्ध्या इंचावर भोकं पाडली तर? तीच पट्टी क्रेनलाही चालेल आणि पुलालाही! पेटंटसाठी खिशात पैसे नव्हते, ते मालकाकडून उसने घेतले. १९०१ मध्ये पेटंट मिळालं आणि त्यातूनच पुढे ‘मेकॅनो’ आलं.

पहिल्या महायुद्धात जर्मन खेळणी यायची बंद झाली होती. १९२० साली हॉर्नबींनी चावीची आगगाडी काढली. रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर. सुरुवातीची इंजिनं नट-बोल्टची, त्यामुळे पोरं ती खोलून पुन्हा जोडायची. आज संग्राहक ही गाडी कोरड्या हाताने, कडेला धरून उचलतात. कारण मुलामा खरवडून घाम लागला की गंज चढलाच!

१९३४ मध्ये मँचेस्टरच्या हार्ट्री आणि पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून चक्क डिफरन्शियल अॅनलायझर उभा केला. १९३६ मध्ये हॉर्नबी गेले.

डिग्री आपल्याला मिळेलच हो, पण भोकांमधलं अंतर सारखं ठेवायचं सुचेल का?