मौलाना आझादांचा पहाटेचा एकांत

दरवर्षी 11 नोव्हेंबरला राष्ट्रीय शिक्षण दिनानिमित्त आपण मौलाना अबुल कलाम आझाद यांना देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून आठवतो. मक्केत 1888 साली जन्मलेल्या मौलानांचे स्वतःचे शिक्षण मात्र घरीच, वडिलांच्या देखरेखीखाली झाले. भाषणे व लेखणी यांनी ते गाजले. पण हा मनुष्य मनाने एकांतप्रिय होता.

9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत त्यांना अटक झाली. तेव्हा ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. चांदबीबीने लढविलेल्या अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांना ठेवण्यात आले. (शहराचे नाव आता अहिल्यानगर.) पंडित नेहरू, सरदार पटेल आदी सहकारी तेथेच होते; त्यामुळे एकांत आयता मिळाला असे नव्हे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मुलाला निवांतपणा द्यायचा कोठून, असे आमच्याकडील पालक विचारतात. मौलानांनी तो जागेतून नव्हे, वेळेतून मिळविला. सारे झोपेत असताना ते उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत (बिनदुधाचा, चिनी चमेलीचा!) आणि लिहावयास बसत. मित्र नवाब हबीबुर रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली ती पत्रे टपालात पडणारच नव्हती. 1946 मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी युद्ध व मग दोस्ती कशी झाली, तेही त्यांत आहे.

याच काळात कलकत्त्यास पत्नी जुलेखा बेगम आजारी पडल्या. सरकारकडे काही मागणे असल्यास पोहोचवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी काहीही मागितले नाही. एप्रिल 1943 मध्ये मृत्यूची वार्ता आली. त्या दिवसांत त्यांनी नित्यक्रम मोडला नाही, चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. लोकांनी याला धैर्य म्हटले असते. पण कागदापुढे एकटे बसल्यावर मौलानांनी स्वतःला सोडले नाही. ही शांती म्हणजे अहंकाराने उभारलेला देखावा होता, आत मन ढासळत होते, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले. कोणी विचारले नव्हते, कोणी पाहिलेही नव्हते. पुढाऱ्याला हे लिहिणे किती जड जाते, ते आपण जाणतोच.

जून 1945 मध्ये बंगालमधील बांकुडा येथून त्यांची सुटका झाली. कलकत्त्यास स्वागताला गर्दी लोटली, गळ्यात हार पडले. मौलाना घरी न जाता प्रथम कबरस्तानात गेले. हारांपैकी एक पत्नीच्या कबरीवर ठेवून त्यांनी मूकपणे फातेहा पढला.